दहापैकी किती दुखतंय?

परवा आमच्याकडच्या व्याख्यानमालेत ‘जाणीव म्हणजे काय?’ या विषयावर दोघांची जुगलबंदी ठेवली होती. एका बाजूला वेदान्ताचे निवृत्त प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला मेंदूविकारांचे तरुण डॉक्टर. प्राध्यापकांनी सुरुवातीलाच हुकमाचं पान टाकलं. १९९८ साली क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती, की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये भर सभेत कॉख यांनी हार मान्य केली आणि वाइनच्या बाटल्यांची पेटी देऊन पैज चुकती केली. ‘म्हणजे आत्मा शरीराहून वेगळा आहे, हे विज्ञानानेच कबूल केलं,’ असं प्राध्यापक म्हणाले. टाळ्या. डॉक्टर उठले आणि म्हणाले की वेदना म्हणजे काही मज्जापेशींची हालचाल, प्रेम म्हणजे चार रसायनं, बाकी सगळी कविता. पुन्हा टाळ्या, बहुतेक त्याच हातांच्या.

मला दोघांचंही पटलं नाही, आणि गंमत म्हणजे एकाच कारणासाठी. आपल्या मनात जे चालतं त्याचा विचार आपण दोन रीतींनी करतो, आतून आणि बाहेरून. या दोन विचारांमध्ये सांधा दिसत नाही, हे खरं आहे. सांधा दिसत नाही म्हणून वस्तूच दोन आहेत, असं प्राध्यापक धरून चालतात. वस्तू एकच आहे म्हणून आतल्या विचाराला किंमत नाही, असं डॉक्टर धरून चालतात. दोन्ही उड्या फसलेल्या आहेत. दरी आहे ती आपल्या विचार करण्याच्या रीतींत, जगात नव्हे. आणि तरीही आतल्या रीतीवाचून आपलं चालत नाही, अगदी डॉक्टरांचंसुद्धा चालत नाही. (पैजेचं म्हणाल तर ती खूण कधीपर्यंत सापडेल यावर होती. दिलेल्या मुदतीत चोर सापडला नाही म्हणून चोरी भुतानेच केली, असं कुठलं पोलीस ठाणं लिहून देईल?)

एक साधा प्रयोग करून बघा. कोवळी कैरी, नुकती चिरलेली, आतली कोय अजून पांढरी आणि मऊ, वर मीठ आणि लाल तिखट. पहिली फोड दाढेखाली येते तो क्षण आठवा. बहुतेकांच्या तोंडाला एव्हाना पाणी सुटलं असेल. आता हे वाचा: आम्लातले हायड्रोजनचे आयन जिभेवरच्या ठरावीक पेशींत शिरतात आणि तिथून मेंदूकडे संदेश जातो. सुटलं पाणी? दोन्ही वाक्यं आंबटपणाबद्दलचीच आहेत. पण पहिल्या वेळी आपण त्या चवीचा विचार केला तो तिचाच एक फिकट नमुना मनात उभा करून, आणि दुसऱ्या वेळी नुसत्या वर्णनावरून. मॅचिंग सेंटरमध्ये साडीचा काठच काउंटरवर पसरणं आणि फोनवरून ‘जरा गडद मोरपिशी हो’ असं सांगणं, यांत जो फरक आहे तोच हा. अनुभवाबद्दलचा आपला आतला विचार काठ पुढे करून चालतो. त्यामुळे बाहेरचं वर्णन कितीही बारीक केलं तरी त्यात काहीतरी राहून गेलं, असं वाटतच राहतं. राहून काय गेलं? वर्णनात नमुना नाही, एवढंच. वर्णन मोरपिशी रंगाचं नाहीच, दुसऱ्याच कुठल्या रंगाचं आहे, हे त्यावरून कसं ठरतं? पहाटे पूर्वेला आणि दिवेलागणीला पश्चिमेला दिसणारी तेजस्वी चांदणी या दोन चांदण्या आहेत, असं जुन्या काळी कित्येकांना वाटे. दोन वेळा, दोन दिशा, दोन नावं, आणि ग्रह मात्र एकच, शुक्र.

समोरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं प्राध्यापकांनी मांडलंच नाही, म्हणून मीच मांडतो. फ्रँक जॅक्सन या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९८२ साली मेरी नावाची एक काल्पनिक शास्त्रज्ञ उभी केली. ती जन्मापासून काळ्या-पांढऱ्या खोलीत वाढली आहे. रंग, प्रकाश, डोळा, मेंदू यांबद्दल जे जे भौतिक ज्ञान असू शकतं ते सगळं तिला पाठ आहे. एक दिवस ती खोलीबाहेर येते आणि पहिल्यांदा लाल टोमॅटो पाहते. तिला नवीन काही कळलं की नाही? कळलं. नाही कळलं, असं म्हणणारे भौतिकवादी आहेत, पण मला ते हट्टी वाटतात. सगळी भौतिक माहिती आधीच असूनही नवीन काही कळलं, तर जगात भौतिकापलीकडे काही आहे, असं जॅक्सन म्हणाले. पुढे त्यांनी स्वतःच हा निष्कर्ष सोडला. पण तेवढं सांगून वाद जिंकल्याचा आव आणणं बरं नाही, माणसं मतं चुकीच्या कारणांनीही बदलतात.

उत्तर वेगळीकडे आहे. समजा, कोकण रेल्वेची सगळी स्थानकं तुम्हाला क्रमाने पाठ आहेत, रोहा ते मडगाव, प्रत्येकाचं अंतर, प्रत्येक बोगदा. रात्रीच्या गाडीत तुम्हाला डोळा लागतो आणि दचकून जाग येते. गाडी उभी आहे, बाहेर अंधार, पाटी दिसत नाही. समोरचा प्रवासी म्हणतो, ‘चिपळूण आलं.’ तुम्हाला नवीन काही कळलं का? कळलं तर खरंच, उतरायचं असेल तर त्याच्यावर सगळं अवलंबून आहे. पण नकाशात एखादं स्थानक वाढलं का? नकाशा पूर्ण होता. ‘आत्ता मी इथे आहे’ हा विचार मात्र नकाशा पाठ करून करता येत नाही, त्यासाठी त्या जागी असावं लागतं. मेरीचं असंच झालं. लाल दिसण्याबद्दल तिला सगळं माहीत होतं, पण नमुना पुढे करून विचार करायला तिच्याकडे नमुनाच नव्हता. टोमॅटोने तिला विचार करण्याची नवी रीत दिली. जगात नवी वस्तू त्याने आणली नाही.

दुसरं म्हणणं याहून चिवट आहे, आणि त्यापुढे मी पूर्ण सुटत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपके यांनी १९७० साली प्रिन्स्टनमधल्या व्याख्यानांत ते मांडलं. उष्णता म्हणजे रेणूंची हालचाल, हे आपण पचवू शकतो, कारण उष्णता आणि उष्णतेचा भास या गोष्टी वेगळ्या काढता येतात. एक हात गरम पाण्यात आणि एक गार पाण्यात थोडा वेळ ठेवून मग दोन्ही कोमट पाण्यात घातले, तर तेच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम लागतं. दुखण्यात ही सोय नाही. दुखल्याचा भास म्हणजेच दुखणं. मग शुक्राचं उदाहरण इथे कसं चालेल? तिथे दोन दर्शनांच्या मागे एक ग्रह होता. इथे दर्शनामागे काही नाही, दर्शन हीच वस्तू. मान्य. पण असं का, याचं उत्तर कैरीपाशीच आहे. आतला विचार वस्तूचाच नमुना वापरत असेल, तर भास आणि वस्तू यांत फट राहणारच नाही. समजा, वेदना ही खरोखर मेंदूचीच एक अवस्था आहे. तरीसुद्धा नमुना वापरून विचार करणाऱ्या प्राण्याला ती दोन वेगळ्या गोष्टींसारखीच वाटत राहील. म्हणजे वस्तू एक असो वा दोन, ‘दोन आहेत’ असं वाटणं ठरलेलंच. दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं उडवून नाणेफेकीचा निकाल लागत नाही. उरते एक उधारी: अशा नमुन्यांनी विचार करणाऱ्या प्राण्याला मुळात काही जाणवतंच का? चामर्स ती वारंवार मागतात आणि त्यांना तो हक्क आहे. माझ्याकडे सगळे पैसे नाहीत. मात्र पहाटेचा शुक्र संध्याकाळचा शुक्र ‘का’ आहे, या प्रश्नाला तो एकच आहे यापलीकडे उत्तर नसतं, एवढं मी रोख देऊ शकतो.

प्राध्यापकांचं शेवटचं वाक्य असं होतं की आपल्या परंपरेने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. परंपरेबद्दल आदर असणाऱ्याने तरी असं म्हणू नये. तिने प्रश्न सोडवला नाही. त्यावर ती शतकानुशतकं कडाडून भांडली, आणि ते भांडण आजच्या वादापेक्षा जास्त नेमकं होतं. मला घडा दिसतो. पण मला घडा दिसतोय, हे मला कशाने कळतं? दिङ्नाग, धर्मकीर्ती हे बौद्ध म्हणाले, ज्ञान स्वतःलाही उजळतं, दिवा पाहायला दुसरा दिवा लागत नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणाले, नाही, पहिलं ज्ञान घड्याचं, त्यामागून त्या ज्ञानाचं ज्ञान येतं. त्याला ते अनुव्यवसाय म्हणत. मीमांसा या दर्शनातल्या कुमारिल भट्टांनी तर कमालच केली. त्यांच्या मते ज्ञान कधी थेट कळतच नाही. घड्याच्या अंगी ‘कळलेपण’ आलं आहे, त्यावरून आपण आत ज्ञान झालं असलं पाहिजे, हे ताडतो. त्यांच्याच मीमांसेतले प्रभाकर याच्या नेमके उलट गेले आणि ज्ञान स्वयंप्रकाश असल्याचं म्हणाले. आता जरा पानं लावून बघा. बौद्ध आत्मा मानत नाहीत, प्रभाकर मानतात, आणि ज्ञान स्वतःला उजळतं यावर दोघांचं एकमत. कुमारिल आणि प्रभाकर दोघेही आत्मा मानतात, आणि या प्रश्नावर दोघांची तोंडं दोन दिशांना. आत्मा आहे की नाही हा एक प्रश्न आणि आपल्या जाणिवा आपल्याला कशा कळतात हा दुसरा, हे त्या मंडळींना पुरतं ठाऊक होतं. व्याख्यानमालेच्या मंचावर मात्र दोन्हींची खिचडी झाली.

आता डॉक्टरांकडे. त्यांचं म्हणणं ऐकायला कणखर वाटतं म्हणून तरुणांना आवडतं, पण ते तेवढंच कच्चं आहे. माझ्या मावशीला गेल्या पावसाळ्यात नागीण झाली. फोड सुकले, खपल्या पडल्या, दुखणं मात्र गेलं नाही. दवाखान्यात विचारलं, ‘आजी, दहापैकी किती दुखतंय?’ मावशी माझ्याकडे बघायला लागली. ‘दहापैकी काय? रुपये?’ मग म्हणाली, ‘दुखत नाही हो, भगभगतंय. मधूनच सणक जाते. पदर लागला तरी आग होते.’ कागदावर आकडा आला ६. भगभग, सणक, पदर यांतलं काहीच कागदावर आलं नाही, आणि गोळी मिळाली ती साध्या दुखण्याची.

हे शब्द कविता आहेत का? दुखण्याच्या बाबतीत मराठी काही गरीब नाही. दात ठणकतो, गळू ठसठसतं, खरचटलेलं चुरचुरतं, पोटात कळ येते किंवा मुरडा येतो, पाठीत उसण भरते, पायाला रग लागते, काटा सलतो, डोळ्यात काहीतरी खुपतं. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. गळू चुरचुरतंय म्हणालात तर घरातली म्हातारी माणसं तुम्हाला दुरुस्त करतील. रोनाल्ड मेलझॅक हे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ, वेदनेच्या आधुनिक अभ्यासाच्या पायाचे दगड. त्यांनी १९७५ साली मॅकगिल विद्यापीठातून वेदनेची जी प्रश्नावली दिली ती याच मालावर उभी आहे: दुखण्याची ७८ विशेषणं, २० गटांत लावलेली. आजही नस दुखावल्याने होणारी वेदना ओळखायला जळतंय का, विजेचा झटका बसल्यासारखं होतं का, मुंग्या येतात का, हलका स्पर्शही सोसत नाही का, असंच विचारतात, कारण अशा दुखण्याची औषधं वेगळी असतात. म्हणजे भगभग हे निदान होतं आणि ६ हा आकडा निव्वळ सोय.

यावर डॉक्टर म्हणतील, की माणसं स्वतःबद्दल वाट्टेल ते सांगतात. आणि ते खोटं नाही. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एका दुकानातला प्रयोग प्रसिद्ध केला. ओळीने मांडलेल्या मोज्यांच्या चार जोड्यांतली उत्तम कोणती, असं गिऱ्हाइकांना विचारलं. जोड्या तंतोतंत सारख्या होत्या. लोकांनी सगळ्यात उजवीकडची जोडी सगळ्यात डावीकडचीपेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडली, आणि कारणं सांगितली ती विणीची, पोताची. जागेमुळे निवडली असं कोणीच म्हणालं नाही. (साडीच्या दुकानात गादीवर तासभर बसलेल्यांना हे वाचून धक्का बसणार नाही.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर अंतर्निरीक्षणावर, म्हणजे आपल्याच मनात डोकावून नोंदी करण्यावर, उभं केलेलं अख्खं मानसशास्त्र कोसळलं. विचार करताना मनात चित्र असतंच की नाही, यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि जर्मनीतल्या वुर्झबुर्ग इथल्या प्रयोगशाळांचं जमेना, आणि कोण चुकतंय हे ठरवायला उपाय नव्हता. १९१३ साली वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आतलं काही विचारूच नका, असा फतवा काढला, तो या निराशेतूनच. पण या उदाहरणांनी सिद्ध काय होतं? आपण अमुक ‘का’ केलं, हे सांगायला माणूस कच्चा आहे. कसं वाटतंय, हे सांगणं निराळं. मोजे निवडणाऱ्याचं कारण खोटं होतं, पण त्याला ती जोडी बरी वाटली हे खोटं नव्हतं. मावशीला नागीण कशाने होते ते ठाऊक नाही. भगभगतंय हे मात्र तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

शिवाय मेंदूतला अमुक भाग वेदनेशी जोडलेला आहे, हे डॉक्टरांना कळलं कसं? कोणीतरी मेंदूची हालचाल टिपणाऱ्या यंत्रात पडून ‘आता दुखतंय, आता थांबलं’ असं सांगितलं म्हणून. पहिल्या तापमापकांवर माणसांनी भरवसा ठेवला तोही असाच. त्वचेला जे स्पष्ट गरम लागत होतं तिथे नळीतला द्रव चढत होता, म्हणून. पुढे तापमापक त्वचेपेक्षा शहाणा झाला, कोमट पाण्याच्या बाबतीत त्याने हातालाच खोटं पाडलं, पण त्याचं पहिलं भांडवल हाताचंच. वेदनेचा असा तापमापक अजून झालेला नाही. तो होईपर्यंत ‘बाकी सगळी कविता’ म्हणणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

ही कुऱ्हाड एकदा खरोखर चालली आहे. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या नामवंत रुग्णालयांतही नवजात अर्भकांवरच्या शस्त्रक्रिया हालचाल थांबवणारं औषध देऊन, पण पुरेशी भूल न देता होत. कारणांत एक खरं होतं: इतक्या लहान जिवाला भुलीचा धोका मोठा. बाकीची कारणं आपल्या डॉक्टरांच्या चालीची. मज्जासंस्था अपक्व आहे, रडणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया, मूल काही सांगत नाही, पुढे त्याला काही आठवतही नाही. इंदूरला वैद्यकीय शिक्षण झालेले कन्वलजीत आनंद ऑक्सफर्डमध्ये होते, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्या बाळांची अवस्था पाहून त्यांना शंका आली. १९८७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नेहमीच्या औषधांच्या जोडीला फेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी वाढतात आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते. हा बाहेरचा पुरावा झाला, हे मला कबूल आहे. पण ती संप्रेरकं वेदनेची खूण आहेत, हे कोणी शिकवलं? ज्यांना बोलता येत होतं त्यांनी. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांत दोन्ही गोष्टी नोंदल्या: माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान ठेवावा, आणि सांगता येत नाही म्हणून दुखत नाही असं समजू नये.

आणि हा प्रश्न आपल्या उंबऱ्यावर येऊन गेला आहे. अरुणा शानबाग परळच्या केईएम रुग्णालयात १९७३ ते २०१५ अशी ४२ वर्षं मेंदूला इजा झालेल्या अवस्थेत पडून होत्या. २०११ साली त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा देशभर वाद झाला, पण तो ‘भाजीपाला’ आणि ‘जीव’ या दोन शब्दांतच घोटाळत राहिला. त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका सांगत होत्या, की आवडते मासे भरवले की चेहरा बदलतो, खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होतात. याला कोणी भाबडी माया म्हणालं, कोणी आत्म्याचा पुरावा. दोन्ही नाही. तो फक्त पुरावा होता, कमी-जास्त वजनाचा, तपासून बघण्याजोगा. आपल्या भाषेत खरं तर यासाठी हत्यारं आहेत. शुद्ध, भान, जाग, जाणीव हे शब्द आपण अदलाबदल करून वापरत नाही. भजनात रंगलेल्याचं भान हरपतं, शुद्ध हरपत नाही. स्वप्न पाहणारा जागा नसतो, पण घाबरलेला असतो. ‘जाणीव आहे की नाही’ असा एकच प्रश्न विचारण्याऐवजी, यातलं काय आहे आणि काय नाही, असं विचारता आलं असतं. एड्रियन ओवेन या मेंदूशास्त्रज्ञाने २००६ साली नेमकं तेच केलं. अपघातानंतर महिनोन्‌महिने काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला यंत्रात ठेवून ते म्हणाले, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, मग घरातल्या खोल्यांतून फिरतेयस अशी कर. मेंदूचे नेमके तेच भाग जागे झाले, जे धडधाकट माणसांत होतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तर आज्ञेला दिसेल असा कुठलाही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचे मेंदू सांगितलेलं करत होते. आत्मा सिद्ध झाला? नाही. कविता होती? तीही नाही. दर चार रुग्णांमागे एक ऐकत होता.

मावशीला आम्ही दुसरीकडे दाखवलं. तिथल्या बाईंनी आकडा विचारला नाही, ‘कसं दुखतं ते सांगा’ म्हणाल्या आणि सांगितलं ते मराठीतच लिहून घेतलं. औषध बदललं. परवा फोनवर म्हणाली, ‘भगभग गेली बघ, आता नुसतं हुळहुळतंय.’ दहापैकी किती, असं मी गमतीने विचारलं, तर फोन ठेवून दिला.